कमी केलेला माणूस

मराठीत पाऊस जातो, वीज जाते, तोल जातो, अब्रू जाते आणि नोकरीही जाते. ती मिळते तेव्हा मात्र 'लागते'. झाडाला फळ लागावे तशी की पायाला ठेच लागावी तशी, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. जाताना ती आपल्याच पायांनी चालत गेल्यासारखी जाते. कोणी घालवली, कशी घालवली, याचा त्या क्रियापदाला पत्ताच नसतो. ज्याला अधिक स्पष्ट बोलायचे असते तो 'काढून टाकले' म्हणतो. त्यात तांदळातला खडा निवडून टाकल्याचा भास आहे. आणि खडा म्हटला की दोष त्याचाच! या दोहोंच्या मध्ये आणखी एक शब्दप्रयोग आहे. 'त्याला कामावरून कमी केले.' गिरण्यांत आणि कचेऱ्यांत तो फार दिवसांपासून वापरात आहे. ज्या कोणा कारकुनाने तो पहिल्यांदा वापरला असेल, त्याला बहुधा एवढेच म्हणायचे असावे की, हजेरीपटावरचा एक आकडा कमी झाला. पण वाक्याची रचना पाहा. कमी झाला तो आकडा नव्हे. 'त्याला' कमी केले. काल हा माणूस एवढा होता. आज तो तेवढा उरला नाही.

हे खरे आहे काय? नोकरीबरोबर माणसातले नेमके काय कमी होते, आणि काही होत असेल तर ते कमी करण्याचा अधिकार दुसऱ्याला कोणी दिला? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मी चित्रकलेचा शिक्षक; कायद्याशी माझा संबंध भाडेकरारावर सही करण्यापुरता. पण हा मुलगा वकील झाला होता, आणि वकिलाची नोकरी जाणे ही गोष्ट मला आधी जरा विनोदीच वाटली. वैद्याने आजारी पडावे तशी.

शाळेत असताना त्याने इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र चांगले काढले होते. पुढे पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, मग महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनद, मग वकिलीची अखिल भारतीय परीक्षा, आणि फोर्टातल्या एका मोठ्या फर्ममध्ये जागा. डोंबिवलीतल्या त्याच्या चाळीने पेढे खाल्ले. मीही दोन खाल्ले. तीन वर्षे तो सकाळी आठच्या आसपासच्या लोकलने जाई आणि रात्री दहाला परते. जून २०२३ मध्ये एके दिवशी त्याला काचेच्या खोलीत बोलावून सांगण्यात आले की, एक मोठे अशील सोडून गेल्यामुळे फर्मची पुनर्रचना चालू आहे. त्या बोलण्याला अकरा मिनिटे लागली, असे तो म्हणतो. समोरच भिंतीवर घड्याळ होते. त्यांनी लॅपटॉप परत घेतला, दाराचे कार्ड परत घेतले. सनद कोणी मागितली नाही. ती मागण्याचा त्यांना अधिकारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या वेळी उठला, आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, काळा कोट पिशवीत घातला, आईने दिलेला डबा घेतला आणि नेहमीच्या गाडीने गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. असे सात आठवडे.

असे करणारा तो पहिला नव्हे, हे मी जाणून आहे. नोकरी गेल्यावर घरी न सांगता डबा घेऊन निघणारी माणसे मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. बागांतल्या बाकांवर दुपारी डबा उघडून बसलेला इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ दिसला, की जाणते लोक त्याच्याकडे फार वेळ पाहत नाहीत. पण गिरणी कामगारांचे दुःख आणि या तरुणाचे दुःख यांत एक फरक आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख माणसे एकदम रस्त्यावर आली. हाल भयंकर झाले; पण शेजारच्या खोलीतही तेच झाले होते, म्हणून निदान लाज वाटली नाही. मोर्चा होता, झेंडा होता, शिव्या द्यायला मालक होता. काचेच्या खोलीतून एकटा बाहेर पडलेल्या पोराला मोर्चा काढता येत नाही. त्यातून तो वकील. दुकानदार 'माल शिल्लक आहे' अशी पाटी लावू शकतो, गवंडी नाक्यावर जाऊन उभा राहू शकतो. वकिलाला जाहिरात करण्याची मनाई आहे. आपण रिकामे आहोत हे चारचौघांत ओरडून सांगणे हा त्याच्या धंद्याच्या नियमांत न बसणारा प्रकार.

आता नीतीचा प्रश्न. सात आठवडे तो आईबापांशी खोटे बोलला की नाही? तोंडाने एक शब्दही खोटा बोलला नाही. कोणी विचारलेच नाही. पण डबा उचलणे हे वाक्यच आहे. 'मी कामावर चाललो' असे तो रोज सकाळी हाताने बोलत होता. त्याला विचारले तर तो म्हणे, "सर, त्यांना त्रास होऊ नये म्हणून." मला हे अर्धेच खरे वाटते. दुसऱ्याला दुःख होऊ नये म्हणून लपवणे आणि आपली मान खाली जाऊ नये म्हणून लपवणे, ही दोन लपवणी बाहेरून जुळ्या भावंडांसारखी दिसतात. आतून त्यांची ओळख पटते ती एका खुणेने. पहिल्या प्रकारात माणूस सांगण्याची योग्य वेळ शोधत असतो. दुसऱ्या प्रकारात तो वेळ टळली की सुटकेचा श्वास टाकतो. तो मुलगा दोन्ही करीत असे, आणि मला वाटते आपल्यापैकी कोणीही दोन्ही केले असते. म्हणून त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. पण लपवण्याची एक किंमत असते, आणि ती फार जबर असते: ज्याने दुःख लपवले, त्याचे सांत्वन कोणाला करता येत नाही. सात आठवडे त्या घरात आई होती, मायेचा हात होता, आणि त्याला तो हात घेता येत नव्हता.

गंमत म्हणा की दैवाची थट्टा म्हणा, आईला पहिल्या आठवड्यातच कळले होते. हे मला पुष्कळ दिवसांनी मंडईत भेटल्या तेव्हा त्यांनीच सांगितले. "सर, सकाळी त्याची पिशवी दारात आणून ठेवायची सवय मला. एक दिवस हाताला हलकी लागली. फायली नव्हत्या."

"मग विचारलं नाहीत?"

"काय विचारू? सांगायचं तेव्हा सांगेल. डब्यात तेवढी एक पोळी जास्त घालायला लागले. दिवसभर बाहेर बसायचं म्हणजे भूक लागते."

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सत्य बोलावे की न बोलावे यावर पुष्कळ ऊहापोह असतो. त्या जास्तीच्या पोळीला तिथे कुठे जागा देतात, ते पाहायला हवे. एकाच घरात दोन माणसे एकमेकांसमोर एकच गोष्ट लपवीत होती, आणि दोघेही आपण दुसऱ्याला सांभाळतो आहोत असे समजत होती. त्यांतल्या एकाचे बरोबर होते.

ऑगस्टमध्ये एका रात्री त्याने जेवताना सांगून टाकले. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ मार्गाचा माणूस. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारले, "तू काय केलंस?"

हा प्रश्न त्या मुलाला अकरा मिनिटांच्या बैठकीपेक्षा जास्त लागला. पण वडिलांच्या बाजूने पाहिले तर तो प्रश्न क्रूर नव्हता. त्यांच्या उभ्या आयुष्यात नोकरी गेलेले दोनच प्रकारचे लोक त्यांनी पाहिले होते: एक मेलेले आणि दुसरे मनीऑर्डरचे पैसे खाल्लेले. सरकारी नोकरीच्या जगात माणसाला काढायचे तर आरोपपत्र लागते, चौकशी लागते, खुलासा लागतो. तेव्हा नोकरी गेली याचा अर्थ काहीतरी केले. शिक्षा आहे त्या अर्थी गुन्हा असणारच, ही आपली जुनी समजूत. पूर्वजन्मापर्यंत जाऊन आपण गुन्हा शोधून आणतो.

इथे थोडा कीस काढणे भाग आहे. नोकरी तीन तऱ्हांनी जाते. एक, आपल्या चुकीने किंवा दुबळेपणाने. दुसरी, दुसऱ्याच्या अन्यायाने. तिसरी, हिशेबाने. पहिल्या प्रकारात पश्चात्तापाला जागा असते, दुसऱ्यात संतापाला. तिसऱ्यात काहीच नसते. कोणी दुष्ट नव्हता, कोणी चुकले नाही. वहीच्या एका रकान्यातली बेरीज जुळत नव्हती, म्हणून एक नाव खोडले. मन मात्र रिकामी जागा सहन करीत नाही. कारण सापडले नाही की ते स्वतःलाच कारण म्हणून उभे करते. 'माझा मसुदा चांगला नव्हता', 'मी साहेबांशी हसून बोलत नसे', 'माझे इंग्रजी डोंबिवलीचे'. हा तिसरा प्रकार म्हणूनच सर्वांत वाईट, असे माझे मत झाले आहे. निरपराध माणसाला आपला अपराध शोधत बसावे लागते, आणि मनापासून शोधणाऱ्याला काही ना काही सापडतेच.

वडिलांचा पुढचा प्रश्न साहजिक होता: "मग कोर्टात जा. तू वकील आहेस ना?" त्यावर तो बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा हसला. त्याने मला समजावून दिले ते मला कळले तसे सांगतो. वकिलांच्या नियमांप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. म्हणून फर्ममधल्या तरुणाला सहसा 'पगार' नसतोच. दरमहा मिळते ती 'फी'. जो नोकरच नाही त्याची नोकरी जाणार कशी? भविष्य निर्वाह निधी बहुतेक ठिकाणी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि गेल्यावर दाद मागायला कामगार न्यायालय नाही. स्वतंत्र व्यवसायाचा मान राखण्यासाठी केलेला नियम, आणि त्या मानाच्या सावलीत पोराला उन्हात उभे केलेले! मला हसू येईना, कारण आम्हा शिक्षकांचेही असेच झाले आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेला शाळेने कमी केले. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १९८८ मध्ये निकाल झाला की औद्योगिक विवादांच्या १९४७ च्या कायद्याखाली शिक्षक हा 'कामगार' नव्हे, कारण त्याचे काम थोर स्वरूपाचे आहे, कारकुनीचे किंवा अंगमेहनतीचे नाही. आपल्याला कोणी थोर म्हटले की खिसा चाचपून पाहावा, असे तेव्हापासून माझे मत आहे.

अशा वेळी आपण सांत्वन म्हणून काय देतो? मी दर गुरुवारी शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितो. विद्याधन चोराला चोरता येत नाही, भावांना वाटून घेता येत नाही, अशा अर्थाची सुभाषिते माझ्या हाताखालून कितीदा तरी गेली आहेत. खोटी नाहीत ती. पण विद्या चोरीला गेली नाही तरी गंजते, आणि ती कितीही लखलखीत असली तरी घराचा हप्ता बँकेला विद्येत भरता येत नाही. दुसरे सांत्वन थोर पुरुषांचे. तेही मी त्याला दिले. दिले आणि देता देताच माझ्या लक्षात आले की, त्यात काहीतरी लबाडी आहे. ती कोणती, ते सांगण्यासाठी त्या गोष्टीच सांगायला हव्यात.

गांधीजी जून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईला येऊन गिरगावात बिऱ्हाड केले. पहिला खटला लघुवाद न्यायालयातला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, अशिलाच्या माणसाला सांगितले की मला हे जमणार नाही, दुसरा वकील करा. फी परत केली. मग हायकोर्टात जाऊन बसत. तिथे डुलकी येई. पुढे वर्तमानपत्रात एका नामांकित शाळेची जाहिरात पाहिली: इंग्रजी शिकवायला शिक्षक पाहिजे, रोज एक तास, पंचाहत्तर रुपये. त्यांनी अर्ज केला, भेटीला गेले. मुख्याध्यापकांनी विचारले, तुम्ही पदवीधर आहात काय? नव्हते. लंडनची मॅट्रिक लॅटिन घेऊन पास झालो आहे, असे त्यांनी सांगितले. पण शाळेला पदवीधरच हवा होता. हा प्रसंग आत्मकथेत आहे, आणि मी स्वतः मॅट्रिक, वर चित्रकलेची पदविका, एवढ्याच भांडवलावर मास्तर असल्यामुळे तो मला विशेष प्रिय आहे. पदवी विचारणाऱ्या कागदापुढे मीही पुष्कळदा उभा राहिलो आहे. पुढे ते राजकोटला गेले. तिथे अर्ज आणि विनंत्या लिहून महिन्याला तीनशे रुपये मिळू लागले. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याकडे एका वर्षाच्या कामावर गेले, ते बॅरिस्टर म्हणून नव्हे, जवळजवळ नोकर म्हणून.

त्याच १८९१ साली डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, मग लंडनला. करार असा होता की परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची. अर्धा अभ्यास सोडून १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीत पारशी नाव घेऊन राहिले, तर लोक काठ्या घेऊन आले. शेवटी सामान बाहेर काढून रात्रीच्या गाडीपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांत संपली. मुंबईत येऊन शेअर बाजारातल्या व्यवहारांबद्दल सल्ला देण्याचा उद्योग सुरू केला; सल्ला देणारा कोण हे गिऱ्हाइकांना कळले आणि तो बंद पडला. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हाही कामे सहज येत नव्हती. १९२५ पासून तीन वर्षे एका हिशेबतपासनिसांच्या शिकवणी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी प्रपंचाला हातभार लावला.

पहिल्या गोष्टीत माणसाचा स्वतःचा बुजरेपणा होता, दुसऱ्यात समाजाचे पाप. दोन्ही एका दावणीला बांधणे अन्यायाचे होईल. ज्याची जीभ वळली नाही आणि ज्याला बसू दिले नाही, त्यांची दुःखे सारखी नव्हेत, आणि माझ्या विद्यार्थ्याचे दुःख तर या दुसऱ्याच्या जवळपासही येत नाही. हे त्यालाही मान्य होते.

आता लबाडी. या गोष्टी आपण सांगतो कारण पुढचे आपल्याला ठाऊक आहे. लघुवाद न्यायालयात मटकन खाली बसलेला तो तरुण गांधीजी होणार आहे, हे आपल्याला ठाऊक आहे; त्याला नव्हते. कमाठी बागेत सामानाजवळ बसलेल्या सव्वीस वर्षांच्या माणसाशेजारी आपण भारताची घटना नेऊन ठेवतो आणि म्हणतो, पाहा, घाबरू नकोस! पण त्या बागेत त्या दिवशी घटना नव्हती. फक्त सामान होते आणि गाडीची वेळ होती. आणि ज्यांचे पुढे काहीच झाले नाही, त्यांचे काय? १८९२ मध्ये राजकोटच्या कचेरीत अर्ज लिहिणारे इतर वकील असतील. ते मरेपर्यंत अर्ज लिहीत राहिले असतील. त्यांचे आत्मचरित्र कोणी छापले नाही. अपयशाचे मोल पुढच्या यशावरूनच ठरवायचे, तर या माणसांचे अपयश निव्वळ अपयशच राहते, आणि त्यांनी लिहिलेल्या अर्जांवर ज्यांच्या जमिनी परत मिळाल्या असतील, त्या जमिनीही कुठे दिसत नाहीत. मला हे पटत नाही. राजकोटचा तो अर्ज चांगला होता की वाईट, हे अर्ज लिहिणाऱ्याचे पुढे काय झाले यावर अवलंबून कसे असेल? तो त्या दिवशीच चांगला किंवा वाईट होता.

मग आपण गीतेकडे वळतो. फळाची आशा न धरता कर्म करीत राहा, हे सांगणे आपल्या हाडीमांसी खिळले आहे. पण बेकार तरुणाला ते सांगून पाहा. तो म्हणेल, फळ राहू द्या, मला कर्मच कोणी देत नाही. हा टोला सोपा नाही. फळावर आपला अधिकार नाही हे कबूल केले तरी कर्मावर आहे असे गृहीत धरलेले असते. आणि आजच्या व्यवस्थेत कर्मही दुसऱ्याच्या मालकीचे. दाराचे कार्ड काढून घेतले की कर्मही आत राहते.

टिळकांचे मला या संदर्भात नेहमी नवल वाटते. १८७९ मध्ये एल्‌एल्. बी. होऊन त्यांनी वकिली केली नाही, शाळा काढण्याच्या उद्योगाला लागले. १८९० मध्ये त्या संस्थेतूनही बाहेर पडले, तेव्हा पोटासाठी कायद्याचे वर्ग चालवले. आणि १९०८ नंतर तर मंडालेच्या तुरुंगात त्यांच्याकडून सगळेच काढून घेण्यात आले: वर्तमानपत्र, सभा, घर. ज्याला काही करण्याची मुभा नव्हती अशा माणसाने १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहिले, आणि विषय निवडला तो कर्मयोगाचा. याला कोणी धैर्य म्हणतील. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. हाताशी कागद आणि पेन्सिल होती, म्हणून कागद-पेन्सिलीचे काम केले. कर्म म्हणजे हुद्दा नव्हे, हे त्यांना ग्रंथ लिहिण्याआधीच कळले असले पाहिजे. नाहीतर ग्रंथ सुरूच झाला नसता. अर्थात तुरुंगात जेवण फुकट मिळते, हेही विसरून चालणार नाही. कर्मयोगाचा आणि किराणा मालाच्या बिलाचा मेळ घालणे हे प्रापंचिकाच्या वाट्याला आलेले जास्तीचे गणित आहे, आणि त्याचे उत्तर मला कोणत्याच ग्रंथात सापडलेले नाही.

सात आठवडे तो मुलगा जात कुठे होता, हे मी अजून सांगितले नाही. पहिले काही दिवस भटकला. मग पाऊस जोराचा लागला, तेव्हा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाऊन बसू लागला. न्यायालय सर्वांना खुले असते. आणि गळ्यात पांढरा बँड असला की कोणी हटकत नाही. तिथे भाडेकरू आणि घरमालक यांचे तंटे चालतात. फर्ममध्ये तीन वर्षे त्याने कोट्यवधींच्या करारांतली कलमे तपासली होती. भांडणारी दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती. तो मागच्या बाकावर बसून ऐके. एक दिवस बाहेरच्या व्हरांड्यात गिरगावातल्या एका म्हाताऱ्या बाई त्याच्याजवळ आल्या, त्याच्या बँडकडे पाहून विचारले, "तुम्ही कोणाचे वकील?"

त्याला उत्तर देता येईना. मी अमक्या फर्ममध्ये आहे, असे तीन वर्षे सांगण्याची सवय झालेली. ते आता सांगता येत नव्हते. तो म्हणाला, "कोणाचाच नाही, आजी."

"मग हे जरा वाचा," असे म्हणून त्यांनी हातातला ओला झालेला कागद पुढे केला. इंग्रजी होता. त्याने वाचला. त्यांची तारीख त्या दिवशी नव्हतीच. पुढच्या बुधवारी होती. चुकीच्या दिवशी पावसात येऊन सकाळपासून बसल्या होत्या. त्याने तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत कागदाच्या मागे लिहून दिली. त्या गेल्या. एवढाच प्रसंग. फी नाही, आशीर्वाद नाही. छत्री उघडण्याच्या नादात त्या काही बोलल्याही नाहीत.

मला मात्र त्या बाईंचा प्रश्न बेकारीवरच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा खोल वाटतो. 'वकील' हा शब्द अरबीतून आला. दुसऱ्याने ज्याच्यावर आपला भार सोपवला आहे, तो वकील. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत, हैदराबादला असत. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-इ-मुतलकीचे पद मिळवले. तेव्हा हा शब्द एकटा उभा राहतच नाही. त्याला 'कोणाचा' हे लागते. आणि खरे म्हणजे हे सगळ्याच कामांचे आहे. वकिलाच्या बाबतीत भाषेने ते उघडे ठेवले, एवढेच. मी कोणाचा शिक्षक? शाळेचा, असे पगारपत्रक म्हणते. पण रंगपेटी उघडून समोर बसलेला पोर शाळा नव्हे. फर्मने त्या मुलाला कमी केले तेव्हा फर्मचा एक वकील कमी झाला, हे अगदी खरे. ती फर्म आणि ती बाई यांच्यात तो कोणाचा, हे तीन वर्षे त्याला कोणी विचारले नव्हते, आणि त्यानेही विचारले नव्हते.

म्हणून नोकरी गेली ते बरेच झाले, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. भरल्या पोटी दुसऱ्याच्या संकटात ईश्वरी योजना पाहणे सोपे असते. त्या घराचे चार महिने वाईट गेले. बहिणीच्या शिकवणीची फी थकली, वडिलांनी मुदतीची ठेव मोडली, आणि ठरत आलेले एक लग्न मुलीकडच्यांनी सभ्यपणे 'पुढे पाहू' म्हणून थांबवले. माणूस कमी होत नाही असे मी म्हणतो. पण त्याच्या भोवतालचे पुष्कळ कमी होते, आणि ते भरून येईलच असा दाखला मी देऊ शकत नाही.

त्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. दिवाळीत आपण घरोघर जातो, चकलीचा तुकडा मोडतो आणि तरुण मुलांना ठरलेला प्रश्न विचारतो: सध्या काय करतोस? विचारणाऱ्याला उत्तराशी फारसे कर्तव्य नसते. ज्याला विचारले, त्याला मात्र ते दिवाळीभर प्रत्येक घरी द्यावे लागते. मी तो विचारला नाही. त्याच्या आत्या आल्या होत्या, त्यांनी विचारला, चांगला खणखणीत. आईचा हात लाडवाच्या डब्यात थांबला. वडील खिडकीतून आकाशकंदिलाकडे पाहू लागले.

"नोकरी गेली, आत्या. जूनमध्येच. सध्या धोबीतलावला एका वकिलांच्या हाताखाली बसतो. पैसे थोडे मिळतात."

आत्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला वेळ आहे?"

"आहे."

"मग आमच्या सोसायटीचं बघ ना बाबा. बिल्डर जमीन नावावर करून देत नाही. तेवीस बिऱ्हाडं आहोत. कोणी म्हणतो मानीव का काय ते करून घ्या. कोणाला काही कळत नाही." आणि त्यांनी पिशवीतून, भावासाठी आणलेल्या शर्टाच्या खोक्याखालून, दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा काढला. बरोबर घेऊनच आल्या होत्या. म्हणजे त्यांनाही आधीच कुठून तरी कळले होते.

वडील म्हणाले, "अगं, आज भाऊबीज. फराळ तर होऊ दे."

पण तो उठून हात धुवायला गेला होता.